पुतळीच्या हातातला लंबक: फ्रेंच गूढ घड्याळ मांडायचं आणि चालू करायचं कसं

जुनं फ्रेंच गूढ घड्याळ घरी आणलेल्या माणसाची तक्रार जवळपास ठरलेली असते. लंबक हलवला, दहा मिनिटं छान झुलला, मग मंदावला आणि थांबला. पुन्हा हलवला, पुन्हा थांबला. मग कुणीतरी तेल सोडलं. मग पुतळी जरा फिरवून बघितली. घड्याळ तोवर ठणठणीत होतं. बिघाड झाला तो यानंतर.

हा लेख मांडणीचा आहे, दुरुस्तीचा नाही. पॅरिसच्या आंद्रे रोमाँ गिल्मे यांनी १८७० च्या दशकात ज्या पद्धतीची घड्याळं केली, त्यांच्याबद्दल तो आहे: खाली तबकडीचा चौथरा, वर उभी बाई, तिच्या उंचावलेल्या हातातून लोंबणारा लंबक. लंबकाला यंत्राशी जोडणारी तार, दांडी काहीच दिसत नाही.

काम सुरू करण्याआधी यातली मेख समजून घ्या. यंत्र चौथऱ्यात आहे आणि ते पुतळीलाच फिरवतं. फिरवतं म्हणजे किती, तर डोळ्याला अजिबात कळणार नाही इतकं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. पुतळीचा हात अक्षापासून लांब असल्यामुळे बोटांपाशी लंबकाचा आधार किंचित सरकतो आणि प्रत्येक झोक्याला नेमक्या वेळी इवलासा रेटा मिळतो. झोपाळ्यावरच्या मुलाला एका बोटानं ढकलत राहावं, तसं. हा रेटा इतका अशक्त असतो की टेबल डुगडुगलं, हात खांद्यात सैल असला किंवा वरून वारा आला तरी तो वाटेतच खर्च होतो.

## १. आधी घड्याळ ओळखा

'गूढ घड्याळ' या एका नावाखाली निदान चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि एकीचे नियम दुसरीला लावले तर नुकसान होतं.

झुलणाऱ्या भागातच तबकडी असेल, म्हणजे हत्तीच्या सोंडेवर किंवा बाईच्या हातावर अख्खं घड्याळच डुलत असेल, तर ते बहुतेक जर्मन, युंगहान्सच्या घराण्यातलं. त्यात यंत्र झुलत्या भागात असतं, पुतळी फिरत नाही. पुढच्या पायऱ्या त्याला लागू नाहीत.

तबकडीच पारदर्शक काचेची असेल आणि काटे हवेत तरंगत असतील, तर ते जादूगार झाँ-यूजेन रोबेर-उदँ यांच्या पद्धतीचं किंवा त्यावरून पुढे आलेलं. काटा काचेच्या चकतीला चिकटवलेला असतो, चकतीच्या कडेला धातूचं दातेरी कडं असतं आणि ते चौकटीत लपवलेलं असतं. मोरिस कुए यांनी कार्तियेसाठी १९१२ पासून केलेल्या घड्याळांत दोन्ही काट्यांना स्वतंत्र चकत्या आहेत. अशा घड्याळाचा काटा बोटानं ढकलायचा नाही, कारण तुम्ही काटा नाही, अख्खी काच आणि तिचे दाते ढकलत असता. काचेवर काच पुसायचा फवाराही मारायचा नाही. पाणी कड्यात उतरतं आणि मग दात्यांवर गंज, जुन्या चिकटीवर बुरशी. कोरडं, धुतलेलं मलमलचं फडकं पुरे.

चौथा प्रकार फसवा. सोनेरी कड्याचं, काचेच्या तबकडीचं आणि मागून वायर निघालेलं घड्याळ 'फ्रेंच' म्हणून समोर आलं, तर ते बहुधा अमेरिकेचं 'जेफरसन गोल्डन अवर' असतं. ते त्यांच्या ११० ते १२० व्होल्टसाठी केलेलं आहे, आपल्या प्लगमध्ये थेट लावलं तर मोटर जळेल. ट्रान्सफॉर्मर लावला तरी मोटर ६० हर्ट्झच्या विजेवर वेळ मोजणारी, आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ते तासाला दहा मिनिटं मागे पडत जाणार.

तपासणी: पुतळीचं घड्याळ असेल तर तबकडीवर १२ च्या वर बारीक चौकोनी टोकाचं भोक आहे का बघा. साध्या फ्रेंच घड्याळांत तिथे लहान चावी लावून लंबक आतून वरखाली करतात, शेजारी आव्हाँस (पुढे) आणि रतार (मागे) या शब्दांची आद्याक्षरं कोरलेली असतात. पुतळीच्या घड्याळात लंबक बाहेर लोंबतो, तेव्हा या सोयीचा उपयोग काय? ती दिसली तर मशीन मागाहून बदललं आहे का, हे विकणाऱ्याला पैसे देण्याआधी विचारा.

## २. जागा ठरवा, खोकं उघडण्याआधी

लोक हे सगळ्यात शेवटी करतात, म्हणून आधी सांगतो.

शोकेस नको. काचेचं कपाट नको. पातळ पायांचं कोपऱ्यातलं टेबल तर नकोच. लंबक झुलतो तेव्हा खालच्या आधारालाही तो आपल्या तालावर हलवू बघतो. आधार लवचीक असेल तर पुतळीकडून मिळालेला सगळा रेटा फर्निचर खाऊन टाकतं. भिंतीत पक्की बसवलेली दगडी फळी उत्तम. नाहीतर जड, बुटकं, चारही पाय जमिनीला टेकलेलं लाकडी कपाट. लाकडी फळ्यांच्या जमिनीवर भिंतीलगतची जागा घ्या, खोलीच्या मधोमध माणूस चालला की फळ्या लवतात.

परीक्षा सोपी आहे. ठरवलेल्या जागी काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवा आणि शेजारून नेहमीसारखे चाला. पाण्यावर तरंग उठले तर जागा बाद.

आता पंखा. माझं पहिलं घड्याळ रोज रात्री अकराच्या सुमारास थांबायचं. दोन आठवडे मी चौथऱ्याखाली खेळायचे पत्ते सरकवत होतो, यंत्रावर संशय घेत होतो, ज्यानं विकलं त्याला मनातल्या मनात बरंच काही बोलत होतो. मग एका रात्री जागा राहून बघत बसलो. अकरा वाजता बायकोनं झोपायच्या आधी छताचा पंखा तीनवरून पाचवर केला आणि माझ्यासमोर लंबकाचा झोका सरळ रेषेतून लंबगोल व्हायला लागला. वीस मिनिटांत थांबला. एसीचा झोत, उघडी खिडकी, दार सतत उघडमिट होणारी वाट, सगळ्यांचा परिणाम हाच. पंख्याखालची जागा सोडा, किंवा घड्याळावर काचेची हंडी घाला.

## ३. खोक्यातून काढणं

इथे क्रम चुकवू नका.

पहिल्यांदा लंबक शोधा आणि बाजूला ठेवा. तो पुतळीच्या हातात अडकवूनच पाठवला असेल तर पाठवणाऱ्याला हे घड्याळ कळत नव्हतं असं धरून चाला आणि पुढची प्रत्येक तपासणी दुप्पट बारकाईनं करा. माझ्या मावसभावानं पॅरिसहून आणलेल्या घड्याळात नेमकं हेच झालं होतं. लंबक वाटभर लोंबत, आपटत आला, आकडा वाकला आणि पुतळीच्या मनगटाशी केसासारखी चीर गेली.

दुसरं, घड्याळ उचलताना दोन्ही हात चौथऱ्याखाली. पुतळीच्या कमरेत हात घालून कधीही उचलू नका, ती चौथऱ्याला घट्ट जोडलेली नसते, फिरत्या तबकावर उभी असते. पुतळी वेगळी आली असेल तर ती बसवायच्या खुणा भिंगातून शोधा. तबकावर आणि तिच्या पायाखाली जुळणारे खिळे, भोकं किंवा ओरखडे असतात. ती 'दिसायला बरी' अशा दिशेनं बसवायची नाही, खुणा जुळवूनच बसवायची.

तिसरं, आतला कागद, फोम, दोरा एकूण एक काढा. चौथऱ्याच्या मागचं झाकण उघडून टॉर्च मारा. तबक हलू नये म्हणून कुणीतरी खोचलेली पुठ्ठ्याची घडी तिथे राहून जाते आणि मग आपण यंत्राला नावं ठेवतो.

सावधान: पुतळी फिरते हे कळल्यावर ती हातानं फिरवून बघायचा मोह प्रत्येकाला होतो. करू नका. तबकापासून यंत्रापर्यंत जाणारी कडी नाजूक असते आणि तिची हालचाल केसाएवढीच. तुम्ही पाच अंश फिरवलंत की ती वाकली. घड्याळ तिथेच संपत नाही, पण काम घरातून कारागिराकडे जातं.

## ४. कोरडी तपासणी

चावी अजून द्यायची नाही.

- पुतळीचा हात खांद्यात आणि मनगटात सैल नाही ना? बोटाच्या टोकानं हलकेच जाणवून बघा. या पुतळ्या बऱ्याचदा तुकड्यांत ओतून जोडलेल्या असतात. सांधा सैल असेल तर रेटा तिथेच मरतो. डिंक, फेव्हिक्विक काही नको, सांधा नीट बसवून घ्यायचा.
- लंबक जिथे टांगायचा ती जागा भिंगाखाली बघा. पातळ पोलादी पट्टी असेल तर तिला घडी किंवा गंजाचा ठिपका नको. धार किंवा टोक असेल तर ते बोथट झालेलं नको आणि खालच्या खाचेत मळ नको. इथे तेल घालायचं नाही. तेलात धूळ चिकटते आणि दोन महिन्यांत तिचा लगदा होतो.
- लंबक याच घड्याळाचा आहे का? बऱ्याच फ्रेंच घड्याळांत यंत्राच्या मागच्या पत्र्यावरचा क्रमांक लंबकावरही ठोकलेला सापडतो. साध्या फ्रेंच यंत्रांवर त्याशेजारी '५ ४' असे सुटे अंकही असतात. ती लंबकाची लांबी असते, जुन्या फ्रेंच मापात ५ पूस ४ लीन्य. एक पूस २७.०७ मिलिमीटरचा आणि त्यात १२ लीन्य, म्हणजे साधारण १४४ मिलिमीटर. असे अंक सापडले तर लिहून ठेवा. लंबक हरवलेलं घड्याळ घेताना हेच कामी येतं.

## ५. पातळी

इथे सर्वाधिक चुका होतात, म्हणून इथे सर्वाधिक वेळ द्या.

साध्या घड्याळात किंचित तिरपेपणा चालून जातो, इथे चालत नाही. दाराचं उदाहरण घ्या. चौकट ओळंब्यात नसेल तर दार हात न लावता एका बाजूला जातं. पुतळीही तशीच उभ्या अक्षावर आहे, वर हात बाहेर काढलेला आणि त्याला लंबकाचं वजन. चौथरा जरा कलला की अख्खी पुतळी दारासारखी एका बाजूला जाऊ बघते. मग यंत्राचा एका दिशेचा रेटा वाया जातो आणि दुसऱ्या दिशेचा अडतो.

लेव्हल (बुडबुड्यावरून पातळी दाखवणारी पट्टी) चौथऱ्याच्या माथ्यावर ठेवा, पुतळीच्या तबकावर नाही. आधी डावी-उजवी बाजू, मग पुढची-मागची, मग पुन्हा डावी-उजवी. उंची वाढवायला पितळेच्या पातळ पट्ट्या किंवा जुने पत्ते वापरा. कागदाच्या घड्या वापरू नका, त्या पावसाळ्यात फुगतात आणि उन्हाळ्यात बसतात. मोबाइलमधली लेव्हल फक्त पहिल्या अंदाजापुरती. शेवटचा निर्णय पुढच्या पायरीत कान देणार आहे.

मग लंबक टांगा. एका हातानं पुतळीचा हात खालून आधारून धरा, दुसऱ्यानं लंबक अडकवा. लटकल्यावर तो पूर्ण स्थिर होईपर्यंत थांबा. पाच मिनिटं लागतील. लागू द्या.

## ६. चावी आणि पहिला झोका

दोन भोकं असतील तर तबकडीकडे बघताना बहुधा उजवीकडचं चालण्याचं आणि डावीकडचं ठोक्यांचं. चावी चौकोनावर घट्ट बसणारी हवी, सैल चावी चौकोनाचे कोपरे खाते. फिरवायची दिशा खटक्यांवरून ठरते. एका बाजूला कटकट आवाज करत फिरेल, दुसऱ्या बाजूला फिरणारच नाही. जोर लावायचा नाही. एका हातानं चौथरा धरून ठेवा, नाहीतर आत्ताच साधलेली पातळी तुमच्याच हातानं जाईल.

पहिल्या वेळी तीन-चार अर्धे फेरेच द्या. आठवड्याची पूर्ण चावी चालणं सिद्ध झाल्यावर.

आता झोका. लंबक खालून दोन बोटांत धरा, ज्या बाजूला हात सरकतो त्याच दिशेनं थोडा बाजूला न्या आणि सोडा. ढकलू नका, सोडा. ढकललं की झोका लंबगोल होतो आणि तो सरळ व्हायला अर्धा तास लागतो. टिक ऐकू येईल त्याहून जरासा मोठा झोका पुरतो. मोठा झोका दिला की जास्त चालेल, हा गैरसमज आहे. यंत्राला एवढा मोठा झोका टिकवता येत नाही, तो उतरत जातो आणि आपल्याला वाटतं घड्याळ थांबतंय.

चौथऱ्याला कान लावा. टिक–टक–टिक–टक समान अंतरानं हवं. 'टिक-टक… टिक-टक…' असं लंगडं ऐकू आलं तर डाव्या बाजूखाली एक पत्ता सरकवा. आवाज सुधारला तर आणखी एक, बिघडला तर काढून उजव्या बाजूला घाला. फोनवर आवाज रेकॉर्ड करून सावकाश वाजवला की कानाला न कळणारा लंगडेपणाही कळतो.

तीन-चार पत्ते घालूनही ताल सुधारत नसेल तर थांबा. ती आतली जुळणी आहे, घरी करायची नाही.

## ७. पुतळी खरंच फिरते का?

डोळ्यांना कधीच दिसणार नाही, पण बघता येतं. नखाएवढा आरशाचा तुकडा खेळण्यातल्या मातीच्या गोळीवर उभा करून पुतळीखालच्या तबकाच्या धातूच्या भागावर ठेवा. दगडावर नको, तेलकट डाग पडतो. खोलीतून सगळ्यांना बाजूला करा, लेझर पॉइंटर एका स्टँडवर पक्का बांधून आरशावर मारा आणि समोरच्या भिंतीवर ठिपका बघा. भिंत ३ मीटरवर असेल आणि पुतळी एक दशांश अंशच फिरत असेल, तरी ठिपका सुमारे १ सेंटिमीटर सरकतो. भिंतीवर पेन्सिलीनं दोन्ही टोकं टिपा.

ठिपका दोन्हीकडे सारखा जाऊन येत असेल आणि तरी लंबक मरत असेल तर दोष वर आहे: सैल हात, टांगणी, वारा किंवा चुकीचा लंबक. ठिपका हलतच नसेल तर दोष खाली: चावी, अडकलेला पुठ्ठा, वाकलेली कडी. ठिपका एका बाजूला जास्त जात असेल तर पाचव्या पायरीवर परत या. कारागिराला दाखवायची वेळ आली तर पेन्सिलीच्या त्या खुणांचा फोटो घेऊन जा, त्याचा अर्धा दिवस वाचेल.

## ८. दोन दिवस हात न लावणं

लंबकामागे एक कार्ड उभं करून झोक्याची दोन टोकं टिपा. दोन तासांनी बघा, मग दुसऱ्या दिवशी. पहिल्या तासात झोका कमी होईल, मग एका मापावर स्थिरावेल. ते माप या घड्याळाचं स्वतःचं असतं, दुसऱ्याच्या घड्याळाशी तुलना नको. चोवीस तासांनंतरही तो कमीच होत असेल तरच चिंता.

वेळ पुढेमागे असली तरी आत्ता जुळवू नका. चालणं आणि वेळ दाखवणं ही दोन कामं आहेत, एकावेळी एकच.

## ९. काटे आणि ठोके

काटे लावताना फक्त मिनिटकाटा आणि फक्त पुढे. अर्ध्या तासाला एक आणि तासाला पूर्ण ठोके पडू द्यायचे, प्रत्येक वेळी थांबायचं. जुन्या फ्रेंच यंत्रांत ठोके मोजणारं खाचांचं चाक काट्यांपासून स्वतंत्र चालतं, त्यामुळे घाई केली की काटे चार दाखवतात आणि घंटा सात वाजवते. तसं झालंच तर मिनिटकाटा बारावर आणा, पूर्ण ठोके ऐका, तासकाटा हलक्या हातानं फिरवून वाजले तेवढ्यावर ठेवा आणि मग मिनिटकाटा पुढे फिरवत खऱ्या वेळेपर्यंत या. तासकाटा नळीवर नुसता घट्ट बसवलेला असतो, तो फिरतो. मिनिटकाट्याशी मात्र असा खेळ नाही.

घड्याळ पुढे जात असेल तर लंबकाचं वजन खाली, मागे पडत असेल तर वर, खालच्या चाकीनं. लंबक २५ सेंटिमीटरचा धरला तर १ मिलिमीटरनं दिवसाला जवळजवळ तीन मिनिटांचा फरक पडतो, म्हणून चाकी पाव फेरा फिरवायची आणि एक दिवस थांबायचं. फिरवताना लंबक पुतळीच्या हातातून काढून घ्यायचा. लटकलेला असताना पिळला तर पीळ थेट पुतळीच्या मनगटात जातो.

## पुसणं आणि हलवणं

आपल्याकडे पितळ दिसलं की चिंच-मीठ किंवा घासायची पावडर निघते. इथे नाही. सोन्याचा मुलामा इतका पातळ असतो की दोन दिवाळ्यांत खालचं पितळ उघडं पडतं. काळ्या दगडाच्या चौथऱ्याला लिंबू-व्हिनेगर लागलं की झिलई जाते. पांढरा अलाबास्टर पाण्यात किंचित विरघळतो, म्हणून त्याला ओलं फडकंही नको. पुतळी ब्राँझची की जस्ताची ओतीव, हे तळाशी न दिसणाऱ्या जागी बारीक ओरखडा काढून कळतं: करडा-पांढरा धातू दिसला तर जस्त, मग रंगाला हात लावू नका, तो रंगच सगळं रूप आहे. धूळ झटकायला चित्रकाराचा मऊ ब्रश, तोही घड्याळ बंद असताना.

घड्याळ दुसऱ्या खोलीत जरी न्यायचं झालं, तरी आधी लंबक काढायचा आणि तबक हलणार नाही असा मऊ आधार द्यायचा. लांब न्यायचं असेल तर चावी पूर्ण उतरू द्या. भरलेली स्प्रिंग आणि लंबक नसलेली पुतळी यांना एका खोक्यात बंद करू नका. जागेवर पोचलं की पाण्याच्या पेल्यापासून पुन्हा सुरुवात. जुन्या जागेचे पत्ते नव्या जागी चालत नाहीत, तेही पुन्हा मोजूनच घालायचे.